तारीख उलटलेला डबा

लोणावळ्यात चोर शिरला तर तो भांडी नेईल, सायकल नेईल, वाळत घातलेली चादरसुद्धा नेईल. चिक्की मात्र नेणार नाही. या एका विश्वासावर प्रमोदिनीबाईंनी सहा वर्षांची बचत सोडली होती.

लोणावळ्याच्या आणि शेजारच्या कुसगावच्या घराघरांत चिक्कीचे डबे असतात आणि घरातलं कुणी त्यांना हात लावत नाही. लहानपणीच सगळ्यांचं पोटभर खाऊन झालेलं असतं. डबे असतात ते पाहुण्यांसाठी. पाहुणा उठला, चपला शोधू लागला, की त्याच्या हातात एक डबा द्यायचा. प्रमोदिनीबाईंच्या कुसगावातल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असे सहा डबे कायम असायचे. पाचांत चिक्की होती. सहाव्यात एक्केचाळीस हजार दोनशे रुपये होते.

हे पैसे आभाळातून पडले नव्हते. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला दिलेल्या होत्या. डाळ अर्धी शिजली की गॅस बंद करून वर जड झाकण ठेवलेलं होतं. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून नजमाच्या दुकानातून विकलेल्या होत्या. जमतील तशा नोटा जुन्या दुधाच्या पिशवीत गुंडाळायच्या आणि डब्यात ठेवायच्या. डबा हलका लागू नये म्हणून तळाशी भांडी घासायच्या साबणाच्या दोन वड्या. आणि कुणी चुकून पाहुण्याला देऊ नये म्हणून मुद्दाम तारीख उलटलेला डबा निवडलेला.

पैसे कशासाठी, तर गाडीसाठी. बायकांना चालवता येते तशी, गिअर नसलेली, स्वतःची दुचाकी. चिंतामणी सरांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, संध्याकाळचं कमी दिसायला लागल्यावर आपली स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकून टाकली होती. तेव्हापासून बाजारात जायचं म्हटलं की सर तीन प्रश्न विचारत. कशाला? आजच का? आणि चालत का नाही? सर हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. प्रश्न विचारायची सवय सुटली नव्हती. प्रमोदिनीबाईंनी एकदा गाडीचं नाव काढलं, तर म्हणाले, "अठ्ठावन्नाव्या वर्षी? पडशील." विषय संपला.

सरांपुरता संपला. दुसऱ्या दिवसापासून प्रमोदिनीबाई पहाटे "चालायला" जाऊ लागल्या. गावामागच्या मैदानात नजमा आपली स्कूटर घेऊन उभी असे. नजमाचं कुसगावात फॉल-पिकोचं दुकान; वयाने दहा वर्षांनी लहान, जिभेने दहा वर्षांनी मोठी. चार महिन्यांत गाडी शिकून झाली. पक्कं लायसन्स पोस्टाने आलं तेव्हा सर फाटकातच उभे होते.

"काय आलं गं?"

"आधारचं काहीतरी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. लायसन्स काढायला आधार लागतंच. त्यामुळे हे खोटं आहे असं त्यांना वाटलं नाही.

नजमाचा भाचा नवाज लोणावळ्यात जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडे एक निळी गाडी आली, फार चाललेली नव्हती, कागदपत्रांसकट एक्केचाळीस हजार. त्याने ती दोनदा थांबवून धरली. तिसऱ्यांदा म्हणाला, "खाला, एक हॉटेलवाला रोख घेऊन बसलाय. तुमच्या मैत्रिणीला सांगा, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. सहा वाजून एक मिनिटाने गाडी त्याची."

शुक्रवारी सकाळी प्रमोदिनीबाई स्टुलावर चढल्या. फळीवर पाच डबे होते.

त्यांनी पाचही उघडले. पाचांतही चिक्की होती. चिक्की बघून इतकं वाईट कुणालाच कधी वाटलं नसेल.

बाहेर ओसरीवर सर भाषणाची तालीम करत होते. रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं व्याख्यान होतं. विषय "काटकसर आणि मनःशांती".

"राग, भीती, घाई हे तीन चोर आहेत, मित्रहो," सर फाटकाला सांगत होते. "ते आपली शांती..."

"अहो, फळीवरचा एक डबा कुठे गेला?" प्रमोदिनीबाईंनी दारात येऊन विचारलं.

"मंगळवारी संदेश आला होता ना, तळेगावचा, बहिणीच्या, अपूर्वाच्या, लग्नाची पत्रिका द्यायला. तू नजमाकडे होतीस. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? दिला डबा."

"कुठला दिलात?"

"सगळ्यात जुना." सरांचा चेहरा समाधानाने फुलला. "आधी जुनं संपवावं. काटकसरीचा पहिला नियम."

"त्याची तारीख उलटली होती!"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ब्लेडने खरवडली मी ती. अगं, गूळ आणि शेंगदाणे. त्यांना कसली आलीय तारीख?"

प्रमोदिनीबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. त्यांची चूक त्यांना आता लख्ख दिसत होती. लोणावळ्यात चिक्की कुणी चोरत नाही, हे खरं. पण चिक्की देतात. आणि काटकसरी माणसाच्या घरात तारीख उलटलेली वस्तू सगळ्यात आधी दिली जाते.

"तू घामाघूम का झालीस?" सरांनी विचारलं. "दीर्घ श्वास घे. वस्तूंवर इतका जीव ठेवू नये."

"नाही ठेवत," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि पत्रिकेवरचा नंबर शोधायला आत गेल्या.

फोन त्यांनी मोरीत जाऊन, नळ सोडून केला. मग पाणी वाया जातंय हे लक्षात आलं, तेव्हा खाली बादली ठेवली.

"संदेश, मी प्रमोदिनी काकू. तुला सरांनी मंगळवारी चिक्की दिली ना, ती खाऊ नका बाबा. फार जुनी निघाली. मी बदलून देते."

"अहो काकू, आम्ही उघडलीच नाही. तो डबा आत्याला दिला."

"कुठल्या आत्याला?"

"चिमाआत्या. बेगडेवाडीला असते, स्टेशनजवळ. त्याच दिवशी तिला पत्रिका द्यायची होती. म्हाताऱ्या माणसाकडे जायचं म्हणजे रिकाम्या हाताने..."

"कसं जायचं," प्रमोदिनीबाईंनी वाक्य पुरं केलं. "तिला फोन लावते मी."

"तिचा फोन खुराड्याच्या छपरावर असतो. वाजला तर कोंबड्या ऐकतात. पण काकू, तुम्ही काळजी करू नका. आत्याला एकही दात नाही. ती चिक्की खायची नाही."

सरांचं जेवण उरकून साडेबाराला दोघी निघाल्या. नजमा पुढे, प्रमोदिनीबाई मागे, पिशवीत चिक्कीचा ताजा डबा. सरांना सांगितलं, अपूर्वाच्या लग्नासाठी ब्लाउजचं कापड बघायला जातोय. थंडीचे दिवस, रस्त्यावर वारा बोचरा. नजमाने आपलं जुनं जॅकेट प्रमोदिनीबाईंना घालायला लावलं होतं.

कामशेत गेलं तरी मागून आवाज येईना, तेव्हा नजमा म्हणाली, "ताई, रडायचं असेल तर खुशाल रडा. फक्त माझ्या ओढणीला नाक पुसू नका."

"रडत नाहीये. हिशेब करतेय."

"कसला?"

"बिनदाताची बाई चिक्कीचा डबा किती दिवस बंद ठेवील, त्याचा."

"आणि तिने तो पुढे कुणाला दिला असला तर?"

"तर त्याच्याकडे जायचं."

"असं करत करत आपण सोलापूरला पोचू."

बेगडेवाडीला रुळांच्या पलीकडे चार-पाच घरं होती. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. बारीक चण, मोठं कुंकू, तोंडाचं बोळकं. ह्याच चिमाबाई.

"मावशी, आम्ही लोणावळ्याहून आलो," प्रमोदिनीबाईंनी जमेल तितकं गोड हसून सांगितलं. "संदेशने तुम्हाला चिक्की दिली होती ना?"

"दिली की."

"ती जुनी निघाली हो. पोटाला बाधेल. ही ताजी आणलीय. ही ठेवा आणि ती परत द्या."

चिमाबाईंचे हात शेंगांवर चालूच होते. "लोनावळ्यास्नं आल्या? हितवर? चिक्की बदलायला?"

"हो ना."

"लय मायाळू मानसं बाई तुमी. माजा सख्खा ल्योक पुन्यात हाय. त्यो गोळ्या द्यायला येत न्हाई."

नजमा खोकली. चिमाबाई उठल्या, आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तोच डबा, तारीख खरवडलेला. प्रमोदिनीबाईंनी तो हातात घेतला. झाकण उघडलं. आत साबणाच्या दोन वड्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"चिक्की झ्याक हुती," चिमाबाई म्हणाल्या. "वास आला म्हनून उघाडली. एक वडी घासून बगितली, लय फेस आला."

नजमा पुढे सरसावली. "मावशी, त्यात अजून काहीतरी होतं."

"व्हय? काय हुतं?" चिमाबाईंनी नजमाकडे पाहिलंही नाही. त्यांचे बारीक डोळे प्रमोदिनीबाईंवर होते. "बसा. उन्हातनं आलाय, च्या ठिवते." आणि आत जाता जाता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "साठ हजार हुतं, न्हवं?"

प्रमोदिनीबाईंनी डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही मावशी. एक्केचाळीस हजार दोनशे."

"साठ न्हाईत? नीट आठवा."

"साठ असते तर माझी गाडी केव्हाच आली असती."

"कशात बांदलेलं?"

"दुधाच्या पिशव्यांत. चार पुडकी. दोनशेची एकच नोट, ती शेवटच्या पुडक्यात."

"पिशवीचा कोपरा कसा कापलेला?"

"अगदी बारीक. तुकडा लोंबत ठेवायचा, तुटू द्यायचा नाही."

चिमाबाई चुलीपाशी फतकल मारून बसल्या आणि हसायला लागल्या. "तूच ती! म्या बी तसाच कापते. तुकडा पडला तर गायी खात्यात." त्यांनी चहाला आधण ठेवलं. "मंगळवारपास्नं वाट बगतीया. म्हनलं, गड्याचं पैसं असतील तर पोलीस घिऊन ईल. बाईचं असतील तर हसत हसत ईल आनि काय तरी खोटं सांगल. दादल्याला ठावं न्हाई न्हवं?"

"नाही."

"मंग बरूबर. पैसं हायती तुजं. एक नोट बी हाललेली न्हाई. पर आत्ता मिळायचं न्हाईत."

"का?"

चिमाबाईंनी हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे पेंढा भरलेल्या पाटीत एक काळी कोंबडी पिसं फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पण चेहरा असा, की तहसीलदारसुद्धा परवानगी विचारून आत येईल.

"काळी बसलीया त्यावर."

फळीवरचा डबा, चिमाबाईंनी समजावलं, घरात येणारा प्रत्येक जण उघडतो. नातवंडं तर आधी डबा उघडतात आणि मग आजीला नमस्कार करतात. अंडी उबवणाऱ्या काळीच्या पाटीत हात घालायची मात्र कुणाची टाप नाही. म्हणून बुधवारी ती दाणे टिपायला उठली तेव्हा चारही पुडकी पेंढ्याखाली सारली.

"मग आता उठवा तिला," नजमा म्हणाली.

"कालपास्नं उठंना. आंड्यांत चिवचिव लागलीया. आज-उद्या फुटतील. ह्या येळंला तिला उठवलं तर ती बिथरंल, परत बसायची न्हाई. थंडी बगताय न्हवं? पिली आतल्या आत मरतील." चिमाबाईंनी चहा गाळला. "रविवारी या."

"रविवारी!" नजमा ओरडली. काळीने एक डोळा पूर्ण उघडला. नजमाने आवाज उतरवला. "मावशी, गाडी आज सहाला जाईल. दोन वाजून गेलेत."

"चौदा आंडी हायती माजी. एकवीस दिस म्या बी वाट बगितली. तुमच्या गाडीपायी माजी पिली मारू व्हय?"

प्रमोदिनीबाईंनी त्या कोंबडीकडे पाहिलं. सहा वर्षं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, आणि एकवीस दिवस म्हणजे काय तेही कळत होतं. दोघींची शिल्लक एकाच पाटीत होती.

"उठवायचं नाही तिला," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी हात घालून काढलं तर?"

चिमाबाईंनी थोडा विचार केला. "काडा. पर काळी उठली तर चौदा पिलांचं पैसं हितंच मोजून द्यायचं."

"कबूल."

"मी काढते," नजमा म्हणाली. "आमच्या घरी लहानपणी पन्नास कोंबड्या होत्या." बाह्या सावरून ती गेली आणि झटकन हात आत घातला. तितक्याच झटकन बाहेर काढला. "या अल्ला!" उजव्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

"पन्नासातली एक बी तुजी नसंल," चिमाबाई म्हणाल्या आणि हळद आणायला उठल्या. "ही घाईची. हात थरथरला की कोंबडीला साप वाटतो. तू ये गं. पर आदी हात गरम कर."

प्रमोदिनीबाईंनी चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला. सरांच्या भाषणात मनःशांतीचे सात उपाय होते. सातही त्यांना पाठ झाले होते. त्यांपैकी एकातही कोंबडीचा विचार केलेला नव्हता. त्यांना एकच गोष्ट येत होती. सहा वर्षांत त्यांनी कधी एकदम काही केलं नव्हतं. आज एक चमचा तेल कमी, उद्या एक काडी कमी. कुणाला कळणार नाही इतकं थोडं, इतकं हळू. तसाच आता हात न्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

"डोळ्यांत बगू नगंस तिच्या," चिमाबाई कुजबुजल्या. "भिताडाकडं बग. काय तरी दुसरंच बोल."

"काय बोलू?"

"काय बी. भाजी कशी करतीस, त्ये सांग."

"पावट्याची?" भिंतीकडे बघत प्रमोदिनीबाईंनी पेंढ्याच्या कडेने बोटं आत सरकवली. "पावटा मी आधी भिजवते मावशी. कांदा कमी घालते. महाग असला की घालतच नाही."

"खोबरं?"

"भाजलेलं. थोडंच. वाटून घातलं की जास्त वाटतं."

पहिलं पुडकं बोटांना लागलं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि पेंढ्यातून कणाकणाने ओढलं. काळी कुरकुरली, पण बसून राहिली. दुसरं पुडकं आलं. नजमा दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती. तिसऱ्यासाठी हात कोपरापर्यंत आत गेला. वर कोंबडीचं ऊबदार पोट, खाली प्लॅस्टिक.

आणि प्रमोदिनीबाईंच्या पिशवीतला फोन वाजला.

काळीची पिसं ताठ उभी राहिली. नजमाने झेप घालून फोन उचलला आणि तोंडापाशी धरला. "सर, मी नजमा. ताईंचा हात अडकलाय."

"कशात?" सरांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. वर्गात बोलायची सवय.

"कामात."

"बरं, तिला विचार, साखर कुठे आहे?"

"निळ्या झाकणाचा डबा," प्रमोदिनीबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"निळ्या झाकणाचा, सर."

"निळ्या झाकणाचे तीन आहेत!"

"तिन्ही उघडा, सर."

"आणि तिला म्हणावं, दुकानात घासाघीस करताना आवाज चढवू नको. मन शांत ठेव."

"ठेवलंय सर. फार शांत ठेवलंय. इतकं शांत मी कुणाला बघितलेलं नाही," नजमा म्हणाली आणि फोन बंद केला.

प्रमोदिनीबाईंच्या पोटातून हसू वर यायला लागलं. हा खरा धोका होता. भीती त्यांनी दाबली होती, घाई दाबली होती, पण हसू दाबायची सवय नव्हती. हात हलू लागला. काळीने मान खाली घातली आणि चोच मनगटाला टेकवली. टोचली नाही, नुसती टेकवली. प्रमोदिनीबाईंनी गाल आतून चावला, वीजबिल आठवलं, आणि हसू परत पोटात गेलं. तिसरं पुडकं बाहेर आलं.

चौथं सगळ्यात आत होतं. ते शोधताना त्यांच्या बोटांखाली काहीतरी कट्कन फुटलं.

त्या जागच्या जागी थिजल्या. "मावशी, अंडं फुटलं माझ्या हातून."

"कुटं?"

"इथं. ओलं लागतंय." मग त्यांच्या तळव्यावर एक ओला, गरम, वळवळणारा जीव आला आणि "चिव" म्हणाला. "अगं बाई!"

"तुज्या हातून न्हाई फुटलं. आतल्यानं फोडलं," चिमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ऱ्हाऊ दे हात. घाबरवू नगं त्याला."

सहा वाजेपर्यंत पोचायचं होतं. तरी प्रमोदिनीबाई तशाच बसल्या. पिल्लू बोटांवरून चढून काळीच्या पंखाखाली गेलं, तेव्हाच त्यांनी चौथं पुडकं ओढलं. काळीने पिसं हलवली, जरा पुढे सरकून पुन्हा बैठक मारली. उठली नाही.

निघताना चिमाबाईंनी साबणाच्या वड्या ठेवून घेतल्या. "सांबाळायचं भाडं," म्हणाल्या. चिक्कीचा ताजा डबाही ठेवून घेतला. "उद्या कोन आलं तर द्यायला व्हतील."

बाहेर येऊन नजमाने स्कूटरची चावी काढली, हँडल धरलं आणि कळवळली. अंगठा लिंबाएवढा सुजला होता. तिने चावी पुढे केली.

"मी? हायवेने?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी मैदानाबाहेर दोनदाच चालवलीय."

"कोंबडीखालून एक्केचाळीस हजार काढले तुम्ही. ट्रकवाले काळीपेक्षा बरे असतात, मागून हॉर्न तरी देतात."

तळेगावपर्यंत प्रमोदिनीबाईंनी ना श्वास घेतला, ना ओव्हरटेक केलं. एक टेंपो, दोन रिक्षा आणि एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. वडगावला त्यांनी श्वास घेतला. कामशेतला एका उसाच्या ट्रॉलीला ओलांडलं, तेव्हा नजमाने मागून असा काही चीत्कार केला, की ट्रॉलीवाल्याने वळून पाहिलं.

नवाजच्या दुकानात पोचल्या तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. हॉटेलवाला निळ्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभा होता. प्रमोदिनीबाईंनी चार पुडकी टेबलावर मांडली. नवाजने नोटा मोजल्या, थांबला, एक नोट नाकाशी नेली.

"काकू, तुमची पोल्ट्री आहे का?"

"पार्टनरशिपमध्ये," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणि हेल्मेट गाडीबरोबर फुकट. तीन वेळा येऊन गेले मी, माझ्या चपला झिजल्या."

नवाजने खालाकडे पाहिलं. खालाने अंगठा दाखवला. तो सुजलेला होता, म्हणून नवाजला वाटलं की धमकी आहे. हेल्मेट मिळालं. उरलेल्या दोनशेचं पेट्रोल भरलं. नजमाला तिच्या स्कूटरवरून घरी सोडायला नवाजचा पोऱ्या निघाला आणि प्रमोदिनीबाई आयुष्यात पहिल्यांदा, एकट्या, स्वतःच्या गाडीवरून घराकडे वळल्या.

दिवे लागले होते. बाजार संपतो तिथे एक गृहस्थ रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. साठ आणि चाळीसच्या मध्ये दोघे अडले होते. रिक्षा निघून गेली. गृहस्थांनी काखेतले कागद सावरले आणि येणाऱ्या निळ्या गाडीला हात केला.

प्रमोदिनीबाईंनी ब्रेक दाबला. त्यांनी तो दाबला नसता तरी चाललं असतं; पण इतकी मोठी गंमत सोडून पुढे जाणं त्यांना उधळपट्टी वाटली.

"बाई, कुसगावकडे जाताय का?" चिंतामणी सर म्हणाले. "फाट्यावर सोडा. रिक्षावाले माजलेत अगदी."

हेल्मेटने मान हलवली. सर मागे बसले. अंगावर नजमाचं जॅकेट, समोर काळी काच, त्यात सरांची संध्याकाळची नजर. त्यांना गाडीचा निळा रंगसुद्धा कळला नसावा.

"भाषणाच्या प्रती काढायला आलो होतो," सरांनी सुरुवात केली. त्यांना श्रोता मिळाला होता आणि श्रोत्याला पळून जाता येत नव्हतं. "काटकसर आणि मनःशांती. आता हेच बघा, तुम्ही एकट्याच जात होता. मी बसलो. पेट्रोल तेवढंच. याला म्हणतात काटकसर."

हेल्मेट डोललं.

"तुम्ही चालवता छान. सावकाश. आमच्या हिलाही शिकायची होती गाडी. मी म्हटलं, पडशील." वळण आलं, गाडी अलगद वळली. "पडली नसती हो ती. तिचा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे. पण एकदा शिकली की ती घरी कशाला थांबेल? आज दुपारी साखर सापडेना. तिसऱ्या डब्यात निघाली. तोवर चहा गार झाला होता, त्यात साखर काय विरघळणार! एकट्याने बिनसाखरेचा प्यायलो." मग घाईघाईने म्हणाले, "हे भाषणात नाहीये."

गाडी जराशी डगमगली. लगेच सावरली.

"फाटा आला, बाई. इथेच. अहो, फाटा! फाटा गेला!"

गाडी गल्लीत शिरली, पिठाच्या गिरणीवरून पुढे गेली, नजमाच्या बंद दुकानावरून डावीकडे वळली आणि बरोबर सरांच्या फाटकापाशी थांबली. सर उतरले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"माझं घर तुम्हाला कसं ठाऊक?"

गाडीने फाटकाच्या उघड्या झडपेतून आत नाक घातलं.

"अहो बाई, आत कुठे घेता? बाहेरच उभी करा की!"

"बाहेर ठेवली तर चोर नेईल," हेल्मेटमधून आवाज आला. "ही काही चिक्की नाही."

मग हेल्मेट निघालं. केस विस्कटलेले, गालावर पट्ट्याचा वळ, कानामागे पेंढ्याची एक काडी अडकलेली. सरांचं तोंड उघडं राहिलं. तीन चोरांपैकी कुठला आधी आत शिरला ते सांगणं कठीण होतं. त्यांना बहुधा तिघेही एकदम भेटले. त्यांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा एकच शब्द निघाला.

"कुणाची?"

"माझी."

"पैसे?"

"सांगते. मोठी गोष्ट आहे आणि तिच्यात तुमचंही काम आहे. आधी चहा करू, साखरेचा." प्रमोदिनीबाईंनी हँडल सरळ केलं. "बघत काय राहिलात? दुसरी झडप उघडा. आरसा घासेल."

स्कूटर विकल्यापासून ती झडप कुणी उघडली नव्हती. कडी गंजली होती, खाली मातीचा ढीग साचला होता. सरांनी एका हाताने ओढून पाहिलं, ती हलली नाही. मग त्यांनी भाषणाचे कागद दातांत धरले आणि दोन्ही हात लावले.